रेतीचा वाटा

जगात जीव दोनच प्रकारचे, एक पंख असलेले आणि दुसरे बिनकामाचे, अशी माझ्या पुतणीची ठाम समजूत आहे. मी तिचा सख्खा काका, देवबागला माझा छोटासा होमस्टे, गावात बऱ्यापैकी मान. पण तिच्या लेखी मी दुसऱ्या प्रकारातला. एकदाच तिने मला बढती दिली. बाजारात सुरमईच्या टोपलीपुढे भाव उतरण्याची वाट बघत मी गप्प उभा होतो, तर मागून म्हणाली, "काकानू, तुमी अगदी ढोकरी दिसतास." ढोकरी म्हणजे खाडीच्या काठी माशासाठी तासन्‌तास ताटकळणारा बगळा. मासेवालीसुद्धा खदाखदा हसली, पण खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं.

तिचे सगळे कपडे चिखलाच्या रंगाचे. थोरल्या बहिणीच्या लग्नातही ही चिखलाच्याच रंगाची साडी नेसून उभी! वहिनी रडकुंडीला आली, तर हिचं उत्तर तयार, "रंगीत बघून पाखरां बुजतत." "लग्नात गो खंयची पाखरां?" वहिनीने कपाळावर हात मारला. मग कळलं की पडवीच्या वाशाला बुलबुलाने घरटं केलं होतं आणि बँडवाल्यांना हिने परस्पर अंगणाच्या टोकाला पिटाळलं होतं. बँड वाजला तो माडाच्या मुळात. आणि हे सगळं ज्ञान काही आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती हो! सुरुवातीला एक अनोळखी शीळ ऐकून ही फणसाखाली दबा धरून बसायची. रोज सकाळी तीच शीळ, पाखरू काही दिसेना. शेवटी शेजाऱ्यांनी विहिरीच्या रहाटाला तेल घातलं आणि शीळ बंद झाली. त्या दिवशी ती जेवली नाही. रहाट निघाला म्हणून नव्हे, तर पाखरू नव्हतंच म्हणून.

पण तिची खरी कसोटी लागली ती चैत्रात. किनाऱ्यावर सुक्या रेतीत चिखल्या नावाच्या इवल्याशा पाखराने अंडी घातली. घरटं कसलं, नुसती खळगी. अंडी रेतीच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत कळू नयेत अशी. आणि जागा निवडली ती नेमकी आमच्या वाडीची रापण जिथे लागते तिथेच! होडीने समुद्रात जाळं सोडायचं, दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून गावाने ओढायचे, म्हणजे रापण. सगळं जाळं आणि सगळ्यांचे पाय त्या अंड्यांवरून जाणार हे ठरलेलं. पुतणीचा चेहरा एवढासा झाला.

पर्यटकांचा बंदोबस्त तिने पाखराकडूनच शिकून घेतला. कुणी जवळ आलं की चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत दूर जातो आणि शत्रूला आपल्या मागे लावतो. एकदा माझेच पाहुणे फोटो काढत अंड्यांकडे निघाले, तशी ही "आवशी गो!" म्हणून किंचाळली आणि पाय ओढत, लंगडत उलट्या दिशेने चालू लागली. पाहुणे तिच्यामागे धावले, मीही चप्पल टाकून धावलो. बरीच लांब गेल्यावर ताठ उभी राहून म्हणते कशी, "काकानू, तुमी पण फसलास?" पाहुण्यांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही.

तांडेल मात्र फसणाऱ्यांतला नव्हता. रापणीचा तो म्होरक्या, त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. ही विनवायला गेली तर म्हणाला, "चेडवा, आजो-पणजो थंयच रापण लावीत इले. दोन अंड्यांपायी जागो बदलू? खुळावलंस काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी ही गुपचूप येऊन दोराला लागली. आयुष्यात कधी दोर धरला नव्हता. तळहात सोलवटले, तरी सोडेना. त्या दिवशी जाळं अंड्यांपासून जेमतेम हातभर अंतरावर थांबलं. माझा जीव नुसता टांगणीला!

मग मासळीचे वाटे पडले. रापणीचा कायदा असा, की दोराला हात लावलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, मग तो कुणीही असो. तांडेलाने तिच्यापुढे बांगडे ठेवले. तिने हात मागे घेतले.

"दोराक हात लावल्यान त्येचो वाटो, खरा मा?"

"खरा."

"मगे माका म्हावरा नको. माझ्या वाट्याक ती एवढी रेती द्या. पिल्लां भायर येयपर्यंत."

नाही म्हणावं तर रापणीचा कायदा मोडतो, हो म्हणावं तर आजोबांची जागा सुटते. तांडेलाने डोकं खाजवलं, समुद्राकडे बघितलं, तिच्या सोललेल्या हातांकडे बघितलं. "घे गो बाये," तो म्हणाला, "पण मासो कमी लागलो तर तुझ्याच नावान बोंब मारतलंय." दुसऱ्या दिवशी रापण बाजूला लागली. मासळी कमीच निघाली आणि सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. ती पाखराकडे बघत होती. पुढे पिल्लं निघाली, कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी रेतीवर धावली, तेव्हा सगळ्यात पुढे उकिडवा बसून बघत होता तो तांडेलच.

आता ती दूर परराज्यात कुठल्याशा तळ्यावर असते, कुठलं पाखरू कुठे जातं ते कळावं म्हणून त्यांच्या पायांत वाळे घालायचं काम करते. घर फार शांत झालंय. जेवताना मध्येच घास टाकून खिडकीकडे धावणारं कुणी नाही. यंदाचा चैत्र सरत आला, पण चिखल्या काही आला नाही. तरी रापण बाजूलाच लागते. परवा मी तांडेलाला म्हटलं, "अरे, अंडी नाय, चेडू नाय, आता लाव की जुन्या जाग्यावर."

तो जाळं झटकत म्हणाला, "वाटो दिलो तो दिलो. तिचो आसा. इल्यावर काय सांगू तिका?"

फोनवर ती अजूनही आधी पाखरांचंच विचारते, "काकानू, इली काय?" मी म्हणतो, "नाय गो बाये, अजून नाय. पण जागा ठेवलीय."