उन्हात न तापलेलं टायर

आर्णीच्या देवसिंग टायरवाल्याच्या दुकानात फोन आहे, पण तो वाजला तरी उचलायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं असतं, फोन वाजतो, आणि देवसिंग खाली मान घालून टायरातला खिळा उपसत राहतो. नवखा माणूस म्हणतो, "मामा, फोन वाजून राह्यला ना." देवसिंग म्हणतो, "वाजू दे." जाणती माणसं तेवढा वेळ दुसरीकडे बघतात.

माणूस चक्रम आहे असं मात्र समजू नका. गप्पांना बसला तर हसवून हसवून पोट दुखवील. फोनचं हे प्रकरण त्या एका उन्हाळ्यापासूनचं आहे.

देवसिंग गावाबाहेरच्या तांड्यातला. त्याच्या पणज्यापर्यंतच्या पिढ्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातलेला. आजा रूपसिंगच्या काळात लादायला माल उरला नाही, बैलांची पारख तेवढी उरली. देवसिंगच्या वाट्याला तर बैलही आले नाहीत, म्हणून तो टायरांची पारख करू लागला. तऱ्हा मात्र आज्याचीच ठेवली. आजा विकत घ्यायचे बैल वैशाखातल्या भर दुपारी उन्हात उभे करायचा आणि एकेकाच्या वशिंडावर तळहात ठेवत जायचा. देवसिंग टायरं तशीच अंगणात मांडायचा आणि त्यांच्यावर हात ठेवायचा. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या गाड्याही पुन्हा त्याच्याच दारात यायच्या.

कापसाचे ते दिवस वाईट होते. गावातल्या बापूजींच्या जिनिंग कारखान्यासमोर एके काळी कापसाच्या बैलबंड्यांची रांग नाक्यापर्यंत जायची, तिथं आता गवत वाढलं होतं आणि फाटकाला कुलूप होतं. गावोगावी अशा काही बातम्या येत होत्या, की फोन वाजला की घरातली बाई आधी पदर तोंडाला लावायची आणि मग कोण बोलतंय ते विचारायची. अशा सालात बापूजींनी नागपूरहून लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार आणली. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हौसेला गुडघेही नसतात. गाडी इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. बापूजी एकदा आत गेले ते दोघांनी ओढून बाहेर काढले. मग गाडी चालवायला त्यांनी बादलला ठेवलं.

बादल देवसिंगचा एकुलता एक मुलगा. बिनमायचा, आजीनं, म्हणजे देवसिंगच्या आई हंसाबाईनं वाढवलेला. हात चांगला होता त्याचा, पण ॲक्सिलरेटरवर पाय जड. गाडी हाती आली की रस्ता त्याला कमी पडायचा. देवसिंग त्याला रोज रागे भरायचा आणि रोज रस्त्याकडे डोळे लावून बसायचा.

गाडीची जुनी टायरं उभ्या उभ्या वाळून तडकली होती. नागपूरच्या व्यापाऱ्यानं उन्हाळ्यात चालणाऱ्या टायरांचे, चार-चारचे चार संच टेम्पोतून पाठवले. निरोप होता, पसंत पडेल तो ठेवा, बाकीचे परत करा.

"कडक घे, देवसिंग," बापूजी म्हणाले. "टिकलं पाह्यजे."

"नाई बा, नरम घे," बादल म्हणाला. "कडक रबर वळणावर गाडी सोडून देते."

दोघांचंही खरंच होतं. नरम रबर रस्ता धरून ठेवतं, पण आपल्याकडच्या उन्हात साबणासारखं झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण वेगात वळलं की घसरतं. देवसिंगला टिकण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. पोरगं संध्याकाळी घरी आलं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. तो म्हणाला, "उद्या दुपारी सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं चारी संच अंगणात मांडले. तीन कागदात गुंडाळून आलेले होते. चौथा उघडाच आला होता, कडेवरचं नावही घासून गेलेलं. टेम्पोवाला म्हणाला होता, "हे थोडे चाललेले हायेत. कोन्या गाडीचे होते मले ठाव नाई. मालकानं टाक म्हणलं, म्या टाकले."

बारा वाजले तेव्हा ऊन असं होतं, की रस्त्यावरचं डांबर मऊ पडून चकाकत होतं. दुकानातलं कुत्रं सावलीसाठी टायराटायरामागे फिरलं, पण चौथ्या संचापाशी आलं तसं अंग चोरून उन्हात जाऊन बसलं. देवसिंगनं पहिल्या संचातल्या टायरावर हात ठेवला आणि हाय करून उचलला. दुसरं तसंच, तिसरं तसंच. चौथ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. टायर थंड होतं. रांजणाच्या बुडासारखं थंड.

त्यानं त्या संचातली चारी टायरं चाचपली. चारी थंड.

तेव्हा त्याला आज्याची ती दुपार आठवली. तो सात-आठ वर्षांचा असेल. रांगेतल्या एका पांढऱ्या बैलावर हात ठेवून आजा थांबला होता आणि म्हणाला होता, "हा थंड हाय." मग त्यानं रांगेतून तेवढ्या एका बैलाचा दोर सोडला होता. लहानग्या देवसिंगनं मनात गाठ मारली होती: उन्हात जो तापत नाही, तोच निवडायचा.

आयुष्यभर त्याला असं टायर सापडलं नव्हतं. आता सापडलं, आणि तेही पोराच्या गाडीसाठी. देवसिंगचे डोळे भरून आले. त्यानं स्वतःच्या हातानं टायरं चढवली, हवा बेतानं भरली, चाकाखाली लिंबू ठेवलं.

"महागावपर्यंत जाऊन येतो, बा," बादल म्हणाला. "जेवाले हायच मी."

"हळू जाजो."

"एवढे चांगले टायर देले अन् हळू कायले?" तो हसला आणि गेला.

गाडी गेली तरी काही तरी राहून गेल्यासारखं देवसिंगला वाटत होतं. मग लक्षात आलं, की चाकांचा आवाजच झाला नव्हता. तो रस्त्यावर आला. मऊ डांबरात सकाळपासून गेलेल्या प्रत्येक चाकाचा ठसा होता. ट्रकचा होता, एस.टी.चा होता, सायकलचासुद्धा होता. बादलच्या गाडीचा नव्हता.

तेवढ्यात हंसाबाई भाकर घेऊन आली. अंगणात उरलेली टायरं पाहून तिनं विचारलं आणि देवसिंगनं सगळं सांगितलं, आज्याच्या पांढऱ्या बैलासकट. ऐकता ऐकता म्हातारीनं भाकर खाली ठेवली.

"तुले कोनं सांगतलं, का आज्यानं तो बैल घेतला?"

"याडी, म्या डोयानं पाह्यलं. त्यानं दोर सोडला," देवसिंग आईला म्हणाला.

"दोर सोडला तो हाकलाले सोडला रे! जंगलात हाकलून देला त्याले, अन् मांगं वयून पाहू नका म्हणे कोनी. उन्हात जे तापत नाई ते जितं नसते, बाप्पा. त्याच्या मांगं जाईन तोई जित्ता रायत नाई."

देवसिंगनं फोनवर झडप घातली. मोबाईल तेव्हा एकट्या बापूजींकडे होता. महागावच्या अलीकडे वळणावर एक पेट्रोल पंप होता, तिथला भीमराज त्याचा जुना मित्र. "भीमराज, लाल गाडी दिसली का रस्त्यात आडवा हो! पोराले उतरव, अन् मले फोन कर!" एवढं ओरडून त्यानं फोन ठेवला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. हंसाबाई मागच्या खोलीत देवापाशी जाऊन बसली. तो उंबऱ्यावर बसला. ऊन हलत नव्हतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि कुत्रं आता रडल्यासारखा आवाज काढत होतं.

मान वर केली तेव्हा लाल गाडी कडुनिंबाखाली उभी होती. ती कधी आली ते त्याला कळलं नाही. आणि बादल दुकानात, त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसला होता.

"आलास बेटा!" देवसिंगला रडू फुटलं. "आलास तू!"

"जेवाले येतो म्हणलं होतं ना, बा," बादल म्हणाला. अंगावर धूळ नव्हती, कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

देवसिंगनं रस्त्याकडे पाहिलं नाही. गाडीच्या टायरांना हात लावला नाही. तो पोराजवळ खाली बसला आणि त्यानं त्याचा हात हातात घेतला. हात थंड होता.

तेव्हा फोन वाजला.

मागच्या खोलीतून हंसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं खुर्चीकडे पाहिलं आणि दारातच थांबली. तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं. फोन कोणाचा आहे आणि भीमराज काय सांगणार आहे, हे दोघांनाही कळत होतं. उचलला, की मग खुर्चीवर कोणी नसणार, हेही कळत होतं.

"उचलू नोको," हंसाबाई हळूच म्हणाली. "बसू दे त्याले."

फोन वाजत राहिला. देवसिंगनं पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि थोडी तरी ऊब येते का ते पाहत बसला.