पिंगळीजवळ बंद पडलेली व्हॅन

आज गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आला आणि पिंगळीजवळ बंद पडलेली आमची जुनी व्हॅन आठवली. आईच्या छातीत दुखायलं म्हणून बाबा आणि मी तिला परभणीच्या दवाखान्यात नेत होतो. गावातला मिस्त्री म्हणाला, "फ्युएल पंप गेलाय. परभणीहून आणावा लागंल."

मी रिक्षा थांबवली. व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवी पडलेली आई म्हणाली, "जा तू. आता लय दुखत न्हाई."

भंगारबाजारात चार दुकानं पालथी घातल्यावर तसला पंप मिळाला. त्यातलं उरलंसुरलं पेट्रोल शर्टावर सांडलं, तरी मी खूश होतो.

परतलो तेव्हा बाबा आईचे थंड तळवे चोळत होते. आई गेली होती.

आईलाच त्या रिक्षात का बसवलं नाहीस, हे बाबांनी मला आजवर विचारलेलं नाही.