गुणाबाईच्या चिंबोऱ्या आणि दिनानाथची ब्युक

पनवेलच्या कोळीवाड्यातली गुणाबाई तिखट तोंडाची. तिच्याशी भाव करायचा तर गिऱ्हाईक आधी दम खाऊन घ्यायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती नेरे गावापर्यंत पायी जायची. नवरा गेला, तरी तिची फेरी चुकली नाही.

बावन्न सालच्या सुमाराला मिठागरवाल्या काशिरामने मुंबईच्या एका व्यापाऱ्याची जुनी ब्युक मोटार घेतली. लांबलचक, काळीभोर आणि घोड्यासारखी उधळणारी. चालवायला त्याचा एकुलता एक दिनानाथ. मिसरूड नुकतंच फुटलेलं, लायसन्स त्याहून कोवळं. पण बाजारातून गाडी अशी हाणायचा की कोंबड्या आणि भटजी एकाच ओट्यावर चढायचे.

एका सकाळी गाडी गुणाबाईला घासूनच गेली. गटारात उडी टाकून ती वाचली, पाटीतले बांगडे मात्र धुळीत लोळले; तळाचे खेकडे तेवढे पाटीत राहिले. दिनानाथ थांबला.

"काशिरामच्या पोरा, बांगडे तर गेले. चिंबोऱ्या तेवढ्या जित्या हायेत. चल, नेऱ्याला सोड मला."

"मावशे, गाडीला वास मारंल!"

"मारू दे. तू मानसं मारतोस, त्यापरीस बरा."

सगळा बाजार हसला. दिनानाथने दार उघडलं.

पाटी मांडीवर घेऊन गुणाबाई त्याच्या शेजारी ऐटीत बसली. गाव मागं पडलं तसा त्याने पाय दाबला. झाडं पळायला लागली, पदर उडाला. गुणाबाईने पाटी घट्ट धरली. आणि खरं सांगायचं तर तिला आतून गुदगुल्याही होत होत्या. 'हळू' हा शब्द ओठावर आला, तिने तो गिळला.

वळणावर बैलगाडी आली. दिनानाथने करकचून ब्रेक दाबला. ब्युक थांबता थांबता पाटी उलटली आणि चिंबोऱ्या त्याच्या पायांवर सांडल्या. एकीने अंगठाच धरला. बोंब ठोकत त्याने दोन्ही पाय सीटवर घेतले. गाडी आपली आपण रस्ता सोडून कापलेल्या भातशेतात उतरली आणि बांधाला नाक टेकून गप्प झाली.

"मावशे, सोडव गो!"

"कुनाला? तुला का चिंबोरीला?"

"मावशे!"

"सोडवते. आदी ती बैलगाडी बग."

बैलगाडीत एक बाई तान्हं पोर घेऊन बसली होती. पोर झोपलेलंच होतं. दिनानाथ अंगठ्याचं दुखणं विसरला. त्याचं तोंड पांढरं पडलं. तेव्हा कुठे गुणाबाईने वाकून चिंबोरीची नांगी अलगद उघडली.

त्यानंतर नेऱ्याची फेरी ब्युकमधून सुरू झाली. दिनानाथ स्वतःहून न्यायला यायचा. गुणाबाई चिंबोऱ्यांची पाटी उघडीच त्याच्या पायाजवळ ठेवायची. गाडी हिसकली की आतून खुडखुड व्हायची आणि दिनानाथचा पाय आपोआप हलका पडायचा.

चार-सहा महिन्यांत तो इतका सांभाळून चालवायला लागला की सायकलवाले घंटी वाजवत पुढे जाऊ लागले. एकदा सरळ, मोकळा रस्ता बघून गुणाबाईला राहवेना.

"हान की रे जरा!"

"नाय मावशे. पुडं शाळा हाय, पोरं आडवी येतात."

"शाळा लय लांब हाय अजून!"

"म्हनून तर आतापासून हळू."

गुणाबाईने तोंड फिरवलं. नेऱ्यात पाटी उतरवताना गिऱ्हाइकीण भामाने विचारलं, "काय गो, आज रुसलीस?"

"काय सांगू," गुणाबाई म्हणाली, "पोरगं शानं झालंय." आणि बोलली अशी, की घरात कुणाला टायफॉईड झालाय असं वाटावं.