मालकाची भूमिका माझ्या हातून गेली

मंडळी, आमच्या हौशी नाटकाची पात्रनिवड आज संत तुकाराम नगरात झाली. कारखानदाराची भूमिका मलाच मिळणार, अशी माझी खात्री होती. कुरुळीत स्वतःचं वर्कशॉप उभं केलंय राव!

माझ्यानंतर माझाच वेल्डर संतोष उभा राहिला. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "रजा? बघू. मंगळवारी बघू." सगळे हसले. आवाज त्याचा होता, बोलणं माझं.

दिग्दर्शक म्हणाले, "भाऊ, तुमच्यापेक्षा हाच मालक वाटतो."

संतोष बिचकतच जवळ आला. "शेठ, राग न्हाई ना? पुढल्या महिन्यात पहिला प्रयोग हाय. रजा लागंल."

'बघू' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "दिली."

तुमच्या माघारी तुमची नक्कल कशी करतात, ऐकलंय कधी?