शुक्रवारची सही

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आजही डोकं फिरतं. राग कुणाचा, ते शेवटी सांगतो.

ब्रिटनमध्ये मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. आमच्या हद्दीतल्या मोठ्या सरोवराच्या बंदरावर जुनं दगडी दीपगृह होतं. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी त्याचा दिवा लागलाच नाही. अंधारात एक बोट धक्क्यावर आपटली आणि बोटवाला बुडून मेला.

शनिवारी सकाळी बंदराच्या मॅनेजरचा फोन आला. दिवेवाला म्हातारा झोपला असणार, रजिस्टरमध्ये सहा वाजता हजर म्हणून त्याची सही आहे, म्हणाला. न मागता पुरावा आणून देणाऱ्यापासून सावध राहावं, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी स्वतःच विसरलो आणि म्हाताऱ्याला उचलून आणलं.

म्हातारा मुंबईकडचा मराठी ज्यू निघाला. टेप लावून दोन तास त्याला पिळून काढलं; तो एकच सांगत राहिला.

"फ्रायडेला संध्याकाळी माझी ड्यूटीच नसते, साहेब. मी घरी होतो."

"रजिस्टर वेगळं सांगतं, काका."

शेवटी जामिनाचा कागद पुढे सरकवला. सही करा आणि घरी जा, म्हटलं. त्याने हात मागे घेतले.

"आज शनिवार. शब्बाथला आम्ही लिहीत नाही. अंधार पडला की करतो."

"तोवर सेलमध्ये बसावं लागेल."

"बसतो."

आता कुठे माझी ट्यूब पेटली. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो, आणि डिसेंबरात तिथे सूर्य चारच्या सुमारासच मावळतो. सुटका होत असतानाही जो पेन धरत नाही, तो आदल्या संध्याकाळी सहाला हजेरीची सही करेल?

रजिस्टर मागवलं. दोन वर्षांत शुक्रवार संध्याकाळची त्याची दुसरी एकही सही नव्हती. ती ड्यूटी मॅनेजरची, आणि तो त्या वेळी पबमध्ये होता. पानं समोर ठेवल्यावर त्याने खोटी सही कबूल केली, वर निर्लज्जपणे म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार होतं?"

खरंच होतं. मी तरी कुठे ऐकलं होतं?

अंधार पडल्यावर म्हाताऱ्याने पेन मागितलं. जबाबावर सावकाश सही केली.

"गाव कुठलं तुमचं?" त्याने मला विचारलं.

"अलिबागजवळ."

"म्हणजे शनिवार तेली माहीत असणार."

माहीत होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आमच्याकडचे ज्यू तेली. आजी तेल त्यांच्याकडूनच आणायची.

"मग मी फ्रायडे फ्रायडे म्हणत होतो, ते तुम्हाला तरी कळायला हवं होतं, साहेब."

तेव्हापासून चौकशीत माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला, की मी प्रश्न थांबवून ऐकत असे. मॅनेजर तुरुंगात गेला. उत्कृष्ट तपासाबद्दल मला वरून शाबासकीचं पत्र आलं. राग त्या पत्राचा येतो.