कुकरची रिंग आणि सपाट रूट

केस पिकले, मिशी पिकली, तरी कामावर ज्याला सगळे ‘नवरदेव’ म्हणतात अशा एका माणसाची ही हकीकत आहे.

हे नाव उगाच पडलेलं नाही. पार्सलची कंपनी मोठी असली तरी स्वतःच्या गाड्या चालवत नाही. ती ठेकेदार नेमते आणि ठेकेदार ड्रायव्हर नेमतो. काही वर्षांनी ठेका सुटतो, दुसरा ठेकेदार येतो. गाड्या त्याच, गोदाम तेच, चिकटपट्टीचा आणि पुठ्ठ्याचा वासही तोच. बदलतो फक्त शर्टाचा रंग. नवा शर्ट घालून हा गोदामात शिरला की पोरं बोंब ठोकायची, “आले, आले! नवरदेव पुन्हा बोहल्यावर!” तोही हसायचा. पण शर्ट नवा म्हणजे नोकरीही नवी, हे त्या हसण्याच्या मागे खुपत असायचं. आधीची सगळी वर्षं जुन्या शर्टाबरोबर घरी जायची आणि तिथे त्याचं पोतेरं व्हायचं.

त्याला आयुष्याकडे एकच गोष्ट मागायची होती. सपाट रूट.

सपाट रूट म्हणजे बाजारपेठेचा. दुकानं रस्त्याला लागून, गाडी लावायची, चार पावलं टाकायची, पार्सल काउंटरवर ठेवायचं. जिना नाही. नवरदेवाच्या वाट्याला मात्र पहिल्यापासून जुन्या इमारतींचा भाग आला होता, लिफ्ट नसलेल्या किंवा असून बंद असलेल्या इमारतींचा. जिन्यांचेही स्वभाव असतात. काही जिने गरीब असतात, बसक्या पायऱ्यांचे, म्हाताऱ्या गाईसारखे उभे राहतात आणि चढू देतात. काही लबाड असतात. त्यांची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच असते आणि दोन्ही हात भरलेल्या माणसाचा अंगठा नेमका तिथेच ठेचतो. अशा जिन्यांनी त्याचा उजवा गुडघा हळूहळू खाल्ला. चढताना तो गप्प असायचा, पण उतरताना आत कुणीतरी वाळू भरून हलवतंय असं वाटायचं.

पहिल्या ठेकेदाराने सपाट रूट आपल्या मेहुण्याला दिला. दुसऱ्याने याला शब्द दिला, पाठीवर हात ठेवून दिला, आणि ठेकाच सोडून गेला. तिसऱ्याकडे हा रूट मागायला गेला तेव्हा तो म्हणाला, “तुम्हाला येऊन झालेत किती दिवस? जुन्या लोकांना आधी.” जुने लोक म्हणजे ठेकेदाराने मागच्या महिन्यात स्वतःबरोबर आणलेली पोरं! नवरदेव बाहेर आला आणि गाडीच्या चाकाला एक लाथ मारली. डाव्या पायाने.

आताचा ठेकेदार चौथा. वयाने मुलासारखा, बोलायला गोड. बाजारपेठेचा ड्रायव्हर महिनाअखेरीस काम सोडणार होता. ठेकेदाराने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, “ज्याच्यावर या महिन्यात सगळ्यात कमी तक्रारी, सपाट रूट त्याचा. मला कुणाचा चेहरा बघायचा नाही.”

महिना संपत आला तेव्हा दोघंच उरले होते, नवरदेव आणि ‘चष्मा’ नावाचा एक ड्रायव्हर. चष्म्याला या महिन्यात एक तक्रार लागली होती आणि नवरदेवाची पाटी कोरी होती. घरात रोज तोच विषय. बायको गुडघ्याला तेल चोळताना म्हणायची, “चार दिवस नीट वागा. कुणाशी हुज्जत घालू नका.”

“मी कुठे घालतो?”

“माझ्याशी घालता ना, तशी बाहेर घालू नका.”

घरात नवी सून आली होती. ती दाराशी उभी राहून हसायची. तिला घराची घडी अजून बसवायची होती. कुठला डबा कुठे ठेवायचा हे सासूला विचारायची, कुकरची शिट्टी होईना म्हणून झाकण उलटसुलट करून बघायची.

त्या दुपारी गोदामातून निघालेल्या ढिगात एक चपटं, तळहाताएवढं पाकीट होतं. वर मुलाचं नाव, स्वतःच्याच घराचा पत्ता. नवरदेवाचं घर त्याच्याच रूटवर, चौथ्या मजल्यावर. ड्रायव्हर लोकांत एक सवय असते. आपल्याच घरचं पार्सल आलं तर भर दुपारी ते कुणी पोचवायला जात नाही. इमारतीखाली गाडी उभी करायची, फोनवर ‘पोचलं’ दाबायचं, पाकीट पुढच्या कप्प्यात टाकायचं आणि संध्याकाळी सोबत घरी न्यायचं. सगळेच करतात. यात कुणाचं काय जातं? त्यानेही दाबलं. वर चौथ्या मजल्याच्या गॅलरीकडे बघितलं, वाळत घातलेला आपलाच जुना शर्ट दिसला, आणि गाडी पुढे काढली. तेवढाच एक जिना वाचला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने पाकीट सुनेपुढे धरलं. “घ्या, तुमचं पार्सल. दुपारपासून माझ्याबरोबर गावभर फिरतंय.”

सुनेने पाकीट घेतलं नाही. तिचा चेहरा उतरला.

“बाबा, हे तुमच्याकडे कसं?”

“म्हणजे? माझ्याच गाडीत आलं.”

“फोनवर आलं, पार्सल पोचलं म्हणून. मी दार उघडलं तर काहीच नाही. शेजारी विचारलं, खाली जाऊन बघितलं. मग मी...” ती सासूकडे बघू लागली. “मी तक्रार केली.”

मग आतून मुलाचा आवाज आला, “अगं, बाबांच्या गाडीवर केलीस?”

“मला काय माहीत कुठली गाडी! तुम्हीच म्हणाला होतात ना, हे पार्सलवाले चोर असतात, लगेच तक्रार करायची, नाहीतर वस्तू गेली समजायचं!”

नवरदेवाने मुलाकडे बघितलं. “असं म्हणालास तू? पार्सलवाले चोर?”

“बाबा, तुम्हाला नव्हतं म्हणालो.”

“मग कुणाला? या घरात पार्सलवाला दुसरा कोण आहे?”

सून रडायला लागली. आता तिच्यावर ओरडणार तरी कसं? तिने बिचारीने घराची वस्तू राखली. बायकोवर ओरडावं तर तिने सांगितलंच होतं नीट वागा म्हणून. मुलावर ओरडून झालं होतं. आणि बटण कुणी दाबलं? राग घरभर फिरला, त्याला बसायला जागा मिळेना, शेवटी तो येऊन गुडघ्यातच बसला. बायकोने पाकीट फोडलं. आत कुकरची रबरी रिंग होती.

“एवढ्यासाठी!” ती म्हणाली, आणि तेलाची बाटली घेऊन बसली.

सुनेने तिथल्या तिथे फोनवर तक्रार मागे घेतली. फोनने तिचे आभार मानले.

सकाळी तो गोदामात सगळ्यांच्या आधी पोचला. ठेकेदार शटर उघडत होता.

“साहेब, ती तक्रार माझ्याच सुनेची आहे. पार्सल घरात आहे. तिने मागेही घेतली.”

ठेकेदाराने फोनवर बघितलं आणि त्याला हसू आवरेना. “काका, घरचा भेदी म्हणतात तो हाच की! बघा, मागे घेतलेली दिसते. बंद झालीय. पण लागली ती लागली. मशीनला सून कळत नाही.”

“मशीनला नाही कळत. तुम्हाला कळतं ना?”

“मला कळतं हो. म्हणून वाईट वाटतं.”

“वाईट वाटून घेऊ नका, रूट द्या.”

ठेकेदार शटरच्या कुलपाशी खेळत राहिला. “मीच बोललो होतो, चेहरा बघणार नाही. आता तुम्ही दोघंही एकेक तक्रारीवर आलात. तुमची ‘न पोचवता पोचलं’ची आहे, त्याची नुसती उशिराची. तुमची जड. पुढच्या वेळी नक्की, काका.”

पुढच्या वेळी. हे दोन शब्द त्याने चार रंगांच्या शर्टांत ऐकले होते.

चष्मा सकाळपासून त्याच्यासमोर येईना. शेवटी गाडी भरताना जवळ आला. “नवरदेव, मी मागितला नव्हता हो.”

“माहितेय. तुझे गुडघे कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“मग घाल आता गाडी बाजारात, मिरवत,” तो म्हणाला आणि खोकी रचू लागला. शेवटी द्यायचं ते तळाला, आधी द्यायचं ते वर. हात आपलं काम करत राहिले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

काही दिवसांनी पुन्हा घरचं पार्सल आलं. ज्या घरातून तक्रार येते, त्या घराला पुढे कोड सांगितल्याशिवाय पार्सल देता येत नाही, असा नियम. कोड घरच्या फोनवर येतो. सुनेला खालूनच फोन करून कोड सांगा म्हटलं असतं तर तिने सांगितलाही असता. पण नवरदेवाने फोन केला नाही. भर दुपारी गाडी लावली, आपलाच जिना चढला, चौथा मजला, मध्ये दोनदा कठड्याला टेकून. आपल्याच दाराची घंटा वाजवली.

सुनेने दार उघडलं. “बाबा! या वेळी? आत या ना.”

“पार्सल आहे. कोड सांगा.”

मागून बायको आली. “हे काय थेर? आता स्वतःच्या घरात यायला कोड लागतो का?”

“घरात यायला नाही लागत. पार्सल द्यायला लागतो.”

“पाणी तरी प्या.”

“इतर पार्सलवाल्यांना देता का पाणी?”

सुनेने फोन बघून कोड सांगितला. त्याने एकेक आकडा दाबला, पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि वळला. आत गॅसवर कुकर होता. नव्या रिंगने शिट्टी चांगली जोरात झाली. ती त्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली, मग गुडघ्यातल्या वाळूचाच आवाज उरला.