नणंदेच्या वाट्याचं हाड

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत वहिनी आणि नणंद एकाच टेबलावर बसत. काम एकच, दगडात अडकलेली हाडं सुईने मोकळी करायची. नणंदेला ही नोकरी वहिनीनेच लावून दिली होती, हौसेने. ती हौस आता अंगाशी आली होती.

झालं असं, की ट्रायासिक काळातला, म्हणजे वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, कुत्र्याएवढा एक प्राणी खोलीत आला होता, तोही तुकड्यातुकड्यांनी. वहिनीच्या वाट्याला आला मांडीच्या हाडाचा चुरा. तो जुळवताना तिचे डोळे फुटायची वेळ आली. आणि काल आलेल्या नणंदेला कमरेचं हाड, जवळजवळ अखंड. सगळी मेख त्यातच होती. खुब्याची वाटी आरपार भोकाची निघाली, तर तो डायनोसॉर. तळाला हाडाचा पडदा निघाला, तर डायनोसॉरचा नुसता नातेवाईक. डायनोसॉर पेपरात छापून येतो. नातेवाइकाला कोण विचारतो?

"भोकच असणार बघा वहिनी," नणंद सुई चालवत म्हणाली. "खाली नुसता दगड लागतोय."

"मग फोटोसाठी केस विंचरून ये."

"जळताय का हो?"

"मी कशाला जळू?" म्हणत वहिनीने भिंगात डोकं घातलंच. तळाशी दगडाच्याच रंगाचं काहीतरी होतं. दगड की हाड, खरं तर तिलाही सांगता आलं नसतं. पण नणंदेचा फोटो घेऊन सासूबाई दारोदार फिरताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तिने नणंदेचं मनगट धरलं. यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता, उगाच वहिनीला मोठेपणा देऊ नये.

"थांब. हाड आहे ते."

"कशावरून?"

"साहेबांना बोलाव, मग विचार."

संशोधक साहेबांनी ओला ब्रश फिरवला. खाली कागदासारखा पातळ हाडाचा पडदा. आणखी दोन टोचे पडते, तर भोक झालं असतं आणि प्राणी डायनोसॉर म्हणून मिरवला असता. पण पडदा होता, म्हणजे नातेवाईकच. वहिनीच्या जिवाला गार वाटलं.

ते फार टिकलं नाही. इतका नाजूक पडदा शाबूत राहिलेला साहेबांनी कधी पाहिला नव्हता. "काय हात आहे तुमचा," ते नणंदेला म्हणाले. "नेमक्या जागी थांबलात. ही तर बातमी आहे."

"वहिनींनी थांबवलं हो."

"घरचं माणूस शेजारी असलं की आधार असतो," साहेब हसले आणि त्यांनी कॅमेरा वहिनीच्या हातात दिला. "दोघांचा घ्या. हाडाचा आणि यांचा."

वहिनीने हात हलवून पाहिला, तरी मेला फोटो उत्तम आला.